दिव्याखाली जुळवलेला रंग

मामा गेला आणि आईने मागच्या खोलीचे सगळे पडदे ओढून घेतले. चूक तिथूनच सुरू झाली.

ती खोली म्हणजे मामाची कामाची जागा. उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी एक फिरती खुर्ची, तिच्यासमोर बिनपाठीचं स्टूल आणि भिंतभर उथळ खणांचं कपाट. खणांमध्ये डोळे. तपकिरी, करडे, मधाच्या रंगाचे, भरून आलेल्या आभाळाच्या रंगाचे. मामा कृत्रिम डोळे करायचा. कुणाचा डोळा अपघातात गेलेला असे, कुणाचा गाठीपायी काढावा लागलेला, कुणाचा जन्मतःच न उमललेला. ‘खोटा डोळा’ म्हटलेलं त्याला खपत नसे. “खोटं म्हणजे जे फसवतं ते. हा बिचारा कुणाला फसवतो? याला हातचा डोळा म्हण,” असं तो भाचीला बजावायचा.

भाचीला तो ठिपकी म्हणे. बुबुळावर असतात ते बारीक ठिपके काढायला ती शाळेत असतानाच शिकली, आणि एकदा ब्रश हातात आला की जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा. वडील गेल्यापासून ती आणि आई मामाकडेच राहत होत्या. या डोळ्याने काहीच दिसत नाही, तरी तो बसवल्यावर माणसं हसत घरी का जातात, हे कोडं तिला लहानपणी सुटत नसे. तिने एकदा विचारलं, तेव्हा मामा म्हणाला, “अगं, हा बघण्यासाठी नाहीच. समोरच्याने नजर चुकवू नये म्हणून आहे.”

आता मामा नव्हता, आणि टेबलावर त्याच्या हातचा शेवटचा, बुबुळाविना अर्धवट राहिलेला डोळा होता. तो पाळकांचा.

पाळक म्हणजे रस्त्याच्या टोकाला जे प्रार्थनाघर आहे तिथल्या मंडळीचे प्रमुख. मामाचे शाळासोबती. ऐन तरुणपणी त्यांचा उजवा डोळा आजाराने गेला, आणि मामाने आयुष्यातला पहिला डोळा केला तो त्यांच्यासाठी. पुढे चेहरा बदलत गेला तसा डोळाही बदलावा लागे. पाळक येत, खुर्चीत बसत, आणि दोघांचं जुंपत असे.

मंडळीची शिकवण सोपी होती, आणि सोपी असल्यामुळेच तिच्यात पळवाट नव्हती. तारण कृपेने मिळतं. माणसाने विश्वास ठेवायचा आणि तो एका वाक्यात तोंडाने कबूल करायचा. वाक्य म्हटलं तो आत. म्हटलं नाही तो बाहेर, कायमचा, आगीत. मग त्याने जन्मभर कितीही जणांचं भलं केलेलं असो. चांगली कामं त्या तराजूत ठेवताच येत नसत.

“आणि खून करून आलेला?” पाळकांची हनुवटी दोन बोटांनी उजेडाकडे वळवत मामा विचारायचा.

“शेवटच्या श्वासाला का होईना, मनापासून म्हटलं तर तोही आत.”

“आणि ज्याचा खून झाला तो? त्याला बिचाऱ्याला म्हणायला वेळच मिळाला नाही तर?”

पाळक खुर्चीत चुळबुळ करत.

“हलू नकोस लेका. मी माझ्या माणसांना असं विचारतो का, की आधी माझ्यावर विश्वास आहे म्हण, मग डोळा बसवतो?”

“तू स्वतःची बरोबरी देवाशी करतोस?”

“छे, छे! माझी त्याच्याकडून जरा जास्त अपेक्षा आहे, एवढंच.”

आई मंडळीतली. ती हे ऐकून कानांवर हात ठेवायची, पण तेवढ्यात हसू आलं तर ते पदरात लपवायची.

मंडळीत एक रीत होती. वाक्य म्हणून गेलेल्या माणसाचं कुटुंब पुढच्या रविवारी अगदी पहिल्या बाकावर बसे, पाळक हात वर करत, पेटी वाजे आणि सगळे उभे राहून आनंदाचं गाणं म्हणत. वाक्य न म्हणता गेलेल्याचं कुटुंब नेहमीच्या जागी बसे, आणि त्या माणसाचा विषय कुणी काढत नसे. कुणी दुष्टपणाने वागत नसे. उलट फार हळुवार वागत, आणि तेच सोसवत नसे. वडील गेले तेव्हा आई पहिल्या बाकावर बसली होती. त्या गाण्यावर तिने पुढची कितीतरी वर्षं काढली.

मामा आजारी पडला तसा पाळकांच्या बोलण्यातला वादाचा सूर गेला. ते रोज येत, खाटेशी बसत, मामाचा हात हातात घेत. मामाच्या हट्टाने खाट उत्तरेच्या खिडकीखालीच टाकली होती.

“एकच वाक्य, अरे. माझ्यासाठी म्हण.”

“तीच तर अडचण आहे,” मामा म्हणाला. “म्हटलं तर ते तुझ्यासाठीच म्हटलेलं होईल.”

पाळक उठून खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. हा माणूस खरोखर घाबरलाय, हे ठिपकीला त्यांच्या पाठीकडे बघूनच कळलं.

मामा गेला त्या दुपारी आई औषध आणायला गेली होती. ठिपकी एकटीच त्याच्याजवळ होती. आई परतली आणि उंबऱ्यातच सगळं समजली. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: “म्हणाला का गं?”

ठिपकीने तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला जवळ धरलं, पण उत्तर दिलं नाही. आईनेही पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळत नाही तोवर आशेला टेकायला जागा होती. मग आईने पडदे ओढले.

त्या बंद पडद्यांच्या दिवसांत सकाळ आणि दुपार यांच्यातली शिवण उसवली होती. पाळकांचा डोळा पुरा करायला हवा, एवढं एकच काम ठिपकीला सुचत होतं. तिने टेबलावरचा दिवा लावला. मामाने मागच्या वेळी रंगवलेला पाळकांचा नमुना शेजारी ठेवला आणि पातळ गोल चकतीवर बुबुळ रंगवायला घेतलं. आधी बाहुलीभोवतीचं कडं, मग बारीक किरण, मग ठिपके. मधूनमधून चकतीवर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि त्यातून रंग बघायचा, कारण डोळा नेहमी ओला असतो. कोरड्या रंगावर भरवसा नाही. थेंबातून ते बुबुळ तिच्याकडे बघत होतं. रंग हुबेहूब जुळला होता. ती टेबलावर डोकं टेकून जरा डोळे मिटते म्हणाली.

एक भिंत होती. तिला रंग नव्हता आणि टोकही नव्हतं. भिंतीत एक फाटक, फाटकाशी एक कारकून, आणि पुढे माणसांची रांग. प्रत्येक जण कारकुनाच्या कानाशी एक वाक्य म्हणे, आडवा दांडा वर जाई, माणूस आत. मामाची पाळी आली.

“वाक्य?” कारकून म्हणाला.

मामा त्याच्याकडे मान तिरकी करून बघत होता. “तुमचा डावा जरा आत बसलाय. कुणी केला?”

“पुढचा!” कारकून ओरडला.

मामा निमूटपणे बाजूला झाला. तो रागावलेला दिसला नाही. भिंतीच्या कडेकडेने चालत तो उजेड बघत राहिला. एका ठिकाणी भिंतीची सावली अगदी मऊ पडली होती, उत्तरेच्या खिडकीत असते तशी. तिथे त्याने स्टूल मांडलं, रंगांची पेटी उघडली. रांगेतला एक जण येऊन बसला. मग दुसरा. मग हळूच आतूनही माणसं बाहेर येऊ लागली, दांड्याखालून वाकून, चोरट्यासारखी.

“तुम्ही तर आत पोचलात ना? मग?” मामाने विचारलं.

“पोचलो हो,” त्यातली एक बाई म्हणाली, “पण आत एकमेकांकडे बघवत नाही. ज्याचं त्याचं माणूस बाहेर राहिलंय.”

“बसा,” मामा म्हणाला. “उजेडाकडे तोंड करा.”

ठिपकी जागी झाली तेव्हा दिवा तसाच जळत होता आणि चकतीवरचा थेंब सुकून गेला होता.

शनिवारी सकाळी पाळक आले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला नवा डोळा हवा, असं काही नव्हतं. जुना ठीक होता. पण घरात यायला त्यांना निमित्त हवं होतं. ते खुर्चीत बसले, नेहमीसारखे, आणि समोरचं स्टूल रिकामं बघून त्यांची नजर खाली गेली. ठिपकी स्टुलावर बसली. तिने खिडकीचा पडदा अर्धा सारला आणि चकती त्यांच्या गालाजवळ धरली.

रंग साफ चुकला होता. पाळकांचं बुबुळ तपकिरीत हिरवट. चकती मात्र शेवाळलेल्या दगडासारखी हिरवीगार. मामाचा पहिला नियम ती विसरली होती: दिव्याखाली कधी रंग जुळवायचा नाही. दिव्याखाली सगळे रंग एकमेकांचे नातेवाईक वाटतात.

“चुकलं,” ती म्हणाली. “दिव्याखाली केला. पुन्हा करावा लागेल, तुम्हाला समोर बसवून.”

“बसतो की. मला कुठे जायचंय?”

तिने नवी चकती घेतली आणि त्यांच्या जिवंत डोळ्यात बघायला लागली. या कामात दुसऱ्याच्या डोळ्यात तासभर बघावं लागतं, आणि तेवढ्या वेळात त्या माणसाबद्दल मनात अढी ठेवणं फार अवघड जातं. तिने ठेवायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

“पोरी,” पाळक हलक्या आवाजात म्हणाले, “उद्या रविवार. मला ठरवायचंय. तू एकटी होतीस. शेवटी तो काही म्हणाला का?”

‘हो’ म्हणायला जीभ उचलण्याएवढेच कष्ट होते. आई पहिल्या बाकावर बसली असती. समोरचं हे तोंडही निवळलं असतं. मामाचं त्यात काय बिघडणार होतं?

“म्हणाला,” ठिपकी म्हणाली. “मी तुमच्याच डोळ्याचा रंग कालवत होते. त्याने बघायला मागितला. मग म्हणाला, ‘कडेला थोडा पिवळा घाल. म्हातारा झालाय तो आता. त्याला त्याच्या वयाचा डोळा दे.’ आणि झोपला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“शब्द नसतील. काही खूण? हात दाबला असेल तुझा?”

“दाबला ना. ब्रश फार घट्ट धरतेस म्हणून.”

पाळकांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि तिथेच मोडलं.

“काका, मी आत्ता खोटं सांगितलं असतं, तर मामा आत गेला असता?”

“नाही. खोट्याने कसा जाईल?”

“पण आई पहिल्या बाकावर बसली असती. गाणं झालं असतं. म्हणजे बाक माझ्या शब्दावर, मामा त्याच्या शब्दावर. आणि हे?” तिने ब्रशने कपाटाकडे दाखवलं. भिंतभर खण. “हे कशातच नाही?”

“आम्हाला असं शिकवलंय, की ते पुरं पडत नाही.”

“पुरं कुठे पडतं? मामाच म्हणायचा, याने दिसत नाही. पण तुम्ही इतकी वर्षं मंडळीसमोर उभे राहता आणि कुणी नजर चुकवत नाही, ते कशामुळे?”

पाळकांनी कपाटाकडे बघितलं. आधी डाव्या डोळ्यातून पाणी आलं, मग उजव्याही. डोळा गेला तरी त्याच्या वरची अश्रूंची ग्रंथी शाबूत राहू शकते, हे ठिपकीला माहीत होतं. तरी मामाच्या हातच्या डोळ्यातून पाणी ओघळताना बघून तिचा ब्रश थांबला.

“रडू नका हो काका,” ती म्हणाली. “रंग दिसत नाही.”

तेव्हा दारात पेल्याचा आवाज झाला. आई चहा घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पण तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या तोंडावरून आशा उतरून गेली होती, आणि तिच्या जागी काय येतंय ते अजून ठरत नव्हतं. तिने चहा टेबलावर ठेवला. भावाच्या स्टुलावर बसलेल्या लेकीकडे बघितलं.

“पिवळा घातलास का?”

“घालतेय.”

“मग असा अर्धा पडदा काय ठेवलास? तेवढ्या उजेडात काय कप्पाळ दिसणार तुला!” आणि आईने स्वतः दोन्ही हातांनी पडदे सर्रकन बाजूला केले. सकाळ खोलीभर पसरली. बंद खणांच्या फटींतून सगळे डोळे दिपले असतील, असं ठिपकीला वाटून गेलं.

दुपारी तिने बुबुळावर पारदर्शक थर चढवला, संध्याकाळी डोळा घासून चकचकीत केला आणि पाळकांना बसवला.

रविवारी आई प्रार्थनाघरात शिरली ती सरळ चालत गेली आणि पहिल्या बाकावर बसली. मागे कुजबुज झाली. शेजारच्या रांगेतली एक बाई वाकून म्हणाली, “ताई, आज तिथे नाही ना बसायचं...”

“मला इथून नीट दिसतं,” आई म्हणाली.

ठिपकी तिच्याजवळ जाऊन बसली. पाळक समोर आले. पेटीवाल्या बाईंनी बोटं पट्ट्यांवर ठेवून त्यांच्याकडे बघितलं. हात वर झाला की सुरू करायचं. पाळकांनी हात वर केला नाही. आईला उठायलाही सांगितलं नाही. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि ती त्यांच्याकडे.

“माझा मित्र गेला,” शेवटी ते म्हणाले. “तो वाक्य न म्हणता गेला. तो आता कुठे आहे...” ते थांबले. त्या जागी उभं राहून हे सांगताना ते आजवर कधी अडले नव्हते. “मला माहीत नाही.”

आईने मान हलवली, दुकानदाराने माप बरोबर दिल्यावर हलवतात तशी, आणि पिशवी मांडीवरून काढून शेजारी बाकावर ठेवली. ती आता तिथून हलणार नव्हती.

बाजूच्या उंच खिडकीतून पाळकांच्या तोंडावर ऊन नव्हे, नुसता उजेड पडला होता. ठिपकी सवयीने रंग ताडून बघायला लागली. कडेचा पिवळा दोन्हीकडे सारखा दिसत होता. पेटीवाल्या बाई अजून वाट बघत होत्या. ‘मला माहीत नाही’ यावर कुठलं गाणं वाजवायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.