सुटून आलेली सिस्टर

वकिलांनी शवविच्छेदनाचा अहवाल मिटून टेबलावर पालथा ठेवला, चष्मा काढला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातल्या डॉक्टरांकडे पाहिलं.

"रक्ताचा नमुना कुठून घेतलात, डॉक्टर?"

"मृतदेहातून."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. वकीलही हसले.

"ते मी धरूनच चाललोय. मृतदेहाच्या कुठल्या भागातून?"

"हृदयातून."

"तिघांच्याही?"

"हो."

"माणूस गेल्यावर हे हृदयविकाराचं औषध स्नायूंमधून सुटून हृदयातल्या रक्तात उतरतं. मग प्रमाण होतं त्याहून बरंच जास्त दिसतं. बरोबर?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"तसं होऊ शकतं."

"म्हणून नमुना मांडीतून घ्यायचा असतो. घेतला होता?"

"नाही."

"एवढंच विचारायचं होतं."

खटला तिथेच कोसळला. पुढे आणखी साक्षी झाल्या, सरकारी वकिलांनी घसा कोरडा होईस्तोवर भाषण केलं, पण त्या दुपारनंतर निकाल काय लागणार हे शिपायालासुद्धा कळलं होतं.

वृद्धाश्रमातली तीन म्हातारी माणसं एकाच हिवाळ्यात, एकामागून एक, रात्रीत गेली होती. तिन्ही रात्री पाळी एकाच नर्सची. वर्तमानपत्रांनी तिचं नाव 'सुईवाली' असं पाडलं आणि तेच रूढ झालं. तिचं वकीलपत्र घ्यायला कुणी पुढे येईना, तेव्हा ते वकिलांनी घेतलं. तीस वर्षं ते असलीच प्रकरणं घेत आले होते. त्यांची थोरली बहीण त्यावरून कडाडली होती.

"तिनं खरंच मारलं असेल तर?"

"तर सरकारनं सिद्ध करावं, ताई. त्यांना त्याचाच पगार मिळतो."

"आणि तुला झोप लागते?"

"पाठ टेकली की."

ते खोटं नव्हतं. त्यांच्या कामाची एक शिस्त होती. तुरुंगातल्या पहिल्या भेटीत ती बाई टेबलावर हात ठेवून म्हणाली होती, "साहेब, त्या रात्री मी..." वकिलांनी लगेच तळहात वर केला होता. "ते मला सांगू नका. मी विचारेन तेवढ्याचंच उत्तर द्या." तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. पुढे खटला संपेपर्यंत तो विषय तिनं काढला नाही, त्यांनीही नाही. ती निर्दोष सुटली. त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली, आणि आभार मानायचे राहून गेल्यासारखी निघून गेली.

वकिलांच्या आईनं निकालाची बातमी सकाळच्या चहाबरोबर वाचली. ती शाळेत गणित शिकवायची. निवृत्तीनंतरही तिची वाचायची पद्धत उत्तरपत्रिका तपासावी तशीच होती.

"हृदय आणि मांडी," ती म्हणाली. "चांगलं काढलंस."

वसंत संपता संपता आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण खरी पंचाईत घरी आल्यावर सुरू झाली. वकिलांची बायको नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात असे, महिन्यातून एकदा येई. ब्युरोनं पाठवलेली पहिली नर्स दिवसभर फोनला चिकटलेली. दुसरी आईला 'आजी, आजी' करून लहान मुलासारखं भरवायला बघायची. आईनं तिला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं. तिसरी स्वतःच आली नाही. आईच्या पाठीला जखम व्हायला लागली होती, आणि कूस बदलताना ती ओठ दाबून धरायची.

अशात एका रविवारी दारात ती उभी राहिली. केस आखूड केले होते, अंगानं आणखी वाळली होती.

"निकालाची प्रत मागायला तुमच्या ऑफिसात गेले होते," ती म्हणाली. "नोकरीसाठी दाखवावी लागते. दाखवली तरी कुणी घेत नाही, ते वेगळं. तुमच्या कारकुनांकडून आईंचं कळलं. मी करीन त्यांचं."

वकिलांनी दाराची चौकट धरली. भर कोर्टात शब्दासाठी ते कधी अडले नव्हते.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले.

"कोण आहे?" आतून आईनं विचारलं.

"कुणी नाही. ऑफिसचं काम आहे."

"ऑफिसचं काम बाईच्या आवाजात बोलतंय. आत आण तिला."

सिस्टर आत गेली. पलंगाशी उभं राहून तिनं आधी आईकडे नव्हे, तर उशीकडे पाहिलं. मग हात धुऊन आली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून तिनं आईला अशी कुशीवर वळवली, की आई ओठ दाबायचं विसरूनच गेली. गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवली, पाठीची जखम पाहिली, चादरीची सुरकुती ओढून काढली.

"आता कसं वाटतं?"

"आता," आई डोळे मिटून म्हणाली, "मी माणसात आले."

वकिलांनी सिस्टरला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, ही कोण आहे माहीत आहे ना?"

"वर्तमानपत्रात फोटो होता. माझे डोळे शाबूत आहेत. मोडलंय ते हाड."

"मग?"

"तू कोर्टात सांगितलंस ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. पुरावा नव्हता, एवढंच होतं."

"मग आता सापडलाय का?"

वकिलांनी नजर वळवली. कोपऱ्यातल्या स्टुलावर औषधांचा डबा होता. त्यात आईच्या दुपारच्या गोळ्या होत्या, हृदयाच्या. औषध तेच. त्याचं नाव त्यांनी खटल्यात इतक्या वेळा उच्चारलं होतं, की डब्यावर ते वाचावंही लागत नव्हतं.

बाहेर आल्यावर ते काही बोलण्याआधी सिस्टरच म्हणाली, "औषधं मी देणार नाही. ती तुम्ही द्यायची, नाहीतर ताईंनी. बाकी सगळं करीन."

वकिलांना हायसं वाटलं. ते लपवायला त्यांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"दार लोटून बोलताय, पण ऐकू येतंय मला," आई आतून म्हणाली. "हा कोर्टात, ती तिच्या घरी. दुपारच्या गोळीसाठी मी काय पुढची तारीख मागू? डबा तिच्या हातात दे."

वकील आत गेले, डबा उचलला, बाहेर आले आणि तो सिस्टरच्या हातात दिला. तिनं झाकण उघडून पाहिलं नाही. नुसता धरून उभी राहिली.

"उद्या सकाळी या," ते म्हणाले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिला आईनंच सांगितलं होतं, आणि बहुधा मजा घेत घेत.

"तुझं डोकं फिरलंय," ताई म्हणाली. "अशिलं कोर्टात ठेव. घरात आणू नकोस."

"कोर्टात निर्दोष म्हणायचं आणि घरात दोषी, असं चालणार नाही, ताई."

"मला भाषण देऊ नकोस, मी न्यायाधीश नाही. उद्या मी येऊन बसते. दिवसभर. तिच्यावरची नजर काढणार नाही."

"ये की. आईला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी ते कोर्टात गेले. दोन जामीन अर्ज होते, एक उलटतपासणी होती. उलटतपासणीत साक्षीदारानं आधीच्या जबाबाशी विसंगत उत्तर दिलं आणि वकिलांनी ते अलगद उचललं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन खिशातून काढला आणि परत ठेवला. घरी फोन करायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं ते पाळत. दुपारच्या गोळीची वेळ झाली तेव्हा ते न्यायाधीशांपुढे उभे होते, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

ते घरी आले तेव्हा खिडकीत अजून ऊन होतं. दार त्यांनी किल्लीनं उघडलं. घरात आवाज नव्हता.

आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर होती. पलंगाशेजारच्या खुर्चीत ताई. मान एका बाजूला कललेली, हात मांडीवर सैल पडलेले. अंगावर कुणीतरी गळ्यापर्यंत चादर घातली होती. बाजूला चहाचा रिकामा कप.

वकील हातातली बॅग खाली न ठेवता उभे राहिले. त्यांनी आईच्या पांघरुणाकडे पाहिलं. पाहत राहिले. पांघरूण किंचित वर झालं आणि खाली आलं. मग ते ताईकडे वळले. तिची चादर जाड होती, काही कळेना. ते वाकले. आणखी वाकले, तिच्या तोंडाजवळ कान जाईल इतके.

"मघाशीच झोपल्या त्या."

सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात होती, हात पुसत. ती तिथे कधीपासून उभी होती, कुणास ठाऊक.

"सकाळपासून ताठ बसून होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "दमल्या."

वकील सरळ झाले. टायची गाठ नीट होती, तरी त्यांनी ती नीट केली.

"दोघींचाही श्वास ठीक आहे," सिस्टर म्हणाली. आवाजात राग नव्हता की रुसवा नव्हता. पाळी बदलताना पुढच्या नर्सला सांगावं, तसं तिनं ते सांगितलं.

वकिलांनी बॅग खाली ठेवली.

"आई जेवली?"

"व्यवस्थित. ताईंशी दोनदा भांडल्या. उद्याही ताईंना यायला सांगा. सोबत असली की आईंना बरं वाटतं."

"नाही," वकील म्हणाले. त्यांचा कोर्टातला आवाज होता तो, फक्त बारीक केलेला. "उद्या कुणी येणार नाही. तुम्ही आणि आई, दोघीच."

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. तुरुंगातल्या टेबलापलीकडून पाहिलं होतं, तेवढाच वेळ. मग टॉवेलची घडी घातली, रिकामा कप उचलला आणि आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

वकिलांनी दुसरी खुर्ची आवाज न करता ओढली आणि ताई जागी होईपर्यंत तिथेच बसून राहिले.