मुठीखालची कड

कॉम्प्युटरची पेटी विकत घेणारा माणूस आधी काय बघतो? रंग बघतो, बाजूची काच बघतो, पुढच्या जाळीमागे दिवे लागतात का ते बघतो. दुकानदार चार फुशारक्या मारतो, हा मान डोलावतो आणि पेटी घरी नेतो. तिला वर, खाली, आत, बाहेर मिळून कितीतरी कडा असतात, हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. ते त्याच्या ध्यानात कधी येऊ नये, यासाठीच मावशींना पगार मिळत होता.

रिकाम्या पेट्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशींचं टेबल जवळजवळ शेवटी होतं. त्यांच्यापुढे फक्त पॅकिंग. पत्रा कापून, वाकवून, रंगवून, जोडून पेटी आली की मावशी उघड्या बोटांनी तिच्यावर हात फिरवायच्या. आधी पुढची चौकट, मग चालू-बंद करायचं बटण आणि त्याच्या शेजारची वायरींची भोकं, मग मागच्या लांबट फटी, शेवटी तळाचे रबरी पाय. कापताना पत्र्याला कुठे धार राहिली असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळते. कळली तर पेटी परत, नाही तर आतल्या बाजूला 'तपासले' असा गोल शिक्का. बावीस वर्षं हेच चाललं होतं. हातमोजे घालायचा सल्ला कुणी दिला तर त्या म्हणायच्या, "मोजे घालून कुणी नाडी बघतं का?"

आणि तीन महिन्यांपूर्वी मावशींची बोटं गेली. होती जागच्या जागी, दहाच्या दहा, नखांसकट. फक्त शेंड्यांना काही कळेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, रक्तातल्या साखरेमुळे नसा बधिर झाल्यात, गोळ्या घ्या, पथ्य पाळा, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही. मावशींनी तो कागद चार घड्या घालून पर्सच्या तळाशी दडवला आणि कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलं नाही. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, हे एक कारण होतंच. पण बोटं गेलेल्या मावशी म्हणजे नक्की कोण, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. मूग गिळून बसण्याचं खरं कारण ते होतं.

मग त्यांनी युक्त्या काढल्या. दिव्याखाली पेटी तिरकी धरली की धार बारीक चमकायची. कापसाचा बोळा कडेवरून ओढला की धारेला धागा अडकायचा. मनगटाची आतली बाजू अजून जिवंत होती, कुणाचं लक्ष नसताना तीही फिरवता यायची. अशा रीतीने तीन महिने निभावले. निदान मावशींना तसं वाटत होतं. घरी मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. जेवता जेवता त्या उठायच्या, दाराची कडी तपासून यायच्या, परत बसायच्या, परत उठायच्या.

"आई, काय हरवलंय का?" सून विचारायची.

"तुझं तू जेव," मावशी म्हणायच्या.

सून त्याच कारखान्यात पॅकिंगला होती, मावशींच्या टेबलापासून बारा पावलांवर. तिला मावशींनीच चिकटवलं होतं आणि तेव्हापासून पस्तावल्याही होत्या. पोरगी मनाने चांगली, पण वेंधळी. हल्ली तर रोज बोटाला नवी पट्टी. कधी म्हणे खोक्याचा पुठ्ठा लागला, कधी म्हणे चिकटपट्टीचं पातं. "हात आहेत की चाळण?" असं मावशींनी तिला मुलासमोर सुनावलंही होतं. मुलगा हसला होता. सूनही हसली होती.

आज नवी पेटी आली आणि मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

पेटी देखणी होती, त्यात वाद नाही. पांढरीशुभ्र, एका बाजूला आरपार काच, पुढे बारीक जाळी, बटण वरच्या कोपऱ्यात. आणि पेटीच्या डोक्यावर, हात घालून उचलता यावी म्हणून, पत्र्यातच कापलेली मूठ. साहेबांनी सकाळीच सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "या मुठीवरच माल विकला जाणार आहे. दोनशे पेट्या, चार वाजता गाडी भरायची. लवकर, लवकर!" हे साहेब मावशींच्या मुलाच्या वयाचे, आणि पाठीमागे सगळे त्यांना लवकरसाहेब म्हणत.

पांढऱ्या रंगावर दिव्याचा नुसता झगमगाट झाला, धार दिसेना. रंग खरबरीत, त्यामुळे कापूस जागोजाग अडकला आणि त्याचा काही उपयोग उरला नाही. मुठीच्या खालच्या कडेला तर मनगट पोचतच नव्हतं. तिथे फक्त बोटं जात होती. मावशींनी बोटं घातली, फिरवली. बोटं गेली आणि आली. ती कशावरून फिरली, ते त्यांना ठाऊक नाही.

त्यांनी शिक्का मारला.

दुसरी पेटी. शिक्का. तिसरी. शिक्का. ज्या मुठीचं त्यांना काही कळलं नव्हतं, तीच मूठ धरून सून बारा पावलांवर ती पेटी खोक्यात उतरवणार होती. मावशी उठल्या, पाणी प्यायल्या, बसल्या, परत उठल्या. शेजारची स्क्रू लावणारी बाई म्हणाली, "मावशी, खुर्चीत ढेकूण झालेत का?" मावशींनी तिच्याकडे असं बघितलं की ती निमूट स्क्रू पिळू लागली.

नजर राहून राहून पॅकिंगकडे जात होती. सून नेहमीसारखीच रेंगाळत होती. एक पेटी घ्यायची, उगाच गोल फिरवायची, मुठीत हात घालून उभी राहायची. तिच्यापुढे पेट्यांची रांग लागली होती. मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं शिकवलं, एवढं सांगितलं आणि ही इथे पेटी कुरवाळत बसलीय!

तेवढ्यात सुनेने इकडेतिकडे पाहिलं, एप्रनच्या खिशातून काहीतरी काढलं, मुठीखाली दोनदा घासलं आणि परत खिशात टाकलं.

मावशींना ते बारा पावलांवरूनही ओळखू आलं. ती कानस होती, त्यांच्याच ड्रॉवरमधून मागे हरवलेली, लाकडी मुठीची बारीक कानस.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुनेला हात धुवायच्या जागी गाठलं. नळ सोडला, म्हणजे आवाज बाहेर जायला नको.

"खिसा दाखव."

सुनेने कानस काढून दिली. नाटक केलं नाही, रडली नाही.

"कधीपासून?"

"तुम्ही उकळत्या पातेल्यावरचं झाकण उघड्या हाताने काढलंत ना, त्या दिवसापासून. झाकण हातात धरून तुम्ही माझ्याशी बोलत होता, आई. आरामात. मला काय ते कळलं."

दोन महिने होऊन गेले होते त्याला. मावशींनी मनातल्या मनात हिशेब केला. दोन महिने त्यांनी तपासलेली एकूण एक पेटी या पोरीने परत तपासली होती. दिव्याने नाही, कापसाने नाही, स्वतःच्या बोटांनी. आणि धार जिथे होती तिथे ती तिला सापडली होती. धार बोटाला कशी सापडते, हे मावशींना कुणी सांगायला नको होतं.

"हात दाखव," त्या म्हणाल्या.

"असू दे ना."

"दाखव म्हणते ना!"

सुनेने हात पुढे केले. सहा बोटांना पट्ट्या होत्या. मावशींनी ते हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांना काही म्हणजे काहीच लागलं नाही. ना पट्टी, ना ऊब. लाज वाटली, राग आला आणि या मुलीवर जीव जडला, हे सगळं एकदमच झालं.

"किती दिवस करणार होतीस हे?"

"दोनच वर्षं राहिलीत तुमची," सून म्हणाली. दोन दिवस म्हणावं तसं म्हणाली.

मावशींनी नळ बंद केला. तेवढ्यात घंटा झाली.

दुपारी त्यांच्याने एकही शिक्का मारवेना. पेटी पुढे घ्यायच्या, ठेवून द्यायच्या. सांगावं तर बावीस वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत जाणार. न सांगावं तर आज आणखी किती कडा त्या पट्ट्यांवरून जाणार? जीव नुसता कासावीस झाला होता. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलंही. तीन महिने रोज त्या हेच ठरवत आल्या होत्या.

सव्वातीनला लवकरसाहेब पॅकिंगवर जाऊन थडकले.

"दोनशेपैकी नव्वद? नव्वद? बाकीच्या काय पायांनी चालत जाणार आहेत गाडीत?"

"करते, साहेब," सून म्हणाली.

"दोन महिने बघतोय मी. सगळ्यात हळू तू. मावशींकडे बघून गप्प बसलो. आता बस झालं. उद्यापासून येऊ नकोस."

सुनेने मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर तिची नोकरी तिथल्या तिथे वाचली असती. तिने पुढची पेटी ओढून घेतली.

मावशी उठल्या. बारा पावलं चालायला त्यांना खूप वेळ लागला.

"ती हळू नाही, साहेब. ती दोघींचं काम करतेय. माझी बोटं गेलीत. तीन महिने झाले, मला काही कळत नाही."

"मावशी, सुनेसाठी जीव तुटतो, समजतं मला," साहेब वैतागून म्हणाले. "पण असल्या थापा नकोत. तुमच्या बोटांबद्दल मी आल्या दिवसापासून ऐकतोय."

"बघा मग."

सुनेने बाजूला काढून ठेवलेली एक पेटी तिथे होती. मावशींनी ती ओढून समोर घेतली.

"आई, ती नको!" सून ओरडली.

मावशींनी मुठीत चार बोटं घातली आणि खालच्या कडेवरून नेहमीसारखी फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न चुकवता, बावीस वर्षं फिरवत आल्या तशी. मग परत एकदा फिरवली. त्या मनापासून शोधत होत्या. आत कुठेतरी वेडी आशा होती की आज कळेल.

"नाही सापडत," त्या म्हणाल्या. "आहे का इथे काही?"

स्क्रू लावणाऱ्या बाईने तोंडावर हात ठेवला होता. साहेबांचा चेहरा पार उतरला होता. आपण काय केलं, हे मावशींना त्या चेहऱ्यांवरून कळलं आणि मग त्यांनी खाली पाहिलं. पांढऱ्या पत्र्यावरून एक लाल ओघळ बटणाच्या बाजूने खाली चालला होता आणि काचेवर दोन थेंब पडले होते.

"लाइन बंद करा," साहेब म्हणाले. मग आणखी हळू म्हणाले, "गाडी थांबू दे. सगळ्या पेट्या परत उघडा."

कुणीतरी औषधांचा डबा आणून दिला. सुनेने सासूला खुर्चीत बसवलं, हात मांडीवर घेतला, पुसला आणि पट्टी गुंडाळायला लागली. एवढ्या पट्ट्या बांधून तिचा हात चांगलाच बसला होता. मावशी तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या एका जागी बसल्या होत्या.

"आई, घट्ट होतंय का?" सुनेने विचारलं.

"मला काय विचारतेस?" मावशी म्हणाल्या आणि इतका वेळ न आलेलं रडू आत्ता आलं. "तूच बघ. आता तुझ्याच हाताला कळायचं."