देवकीची भिंत

देवकी गेल्याचं कळलं तेव्हा मी खळ्यावर भात झोडत होतो. ती मुरबाडला माहेरी गेली होती, भावाच्या मुलीच्या हळदीला. माझ्या मुलाच्या, संदेशच्या फोनवर तिच्या भावाचा, रघूचा फोन आला. संदेश फोन कानाला लावून बांधावर उभा राहिला आणि माझ्याकडे बघेना. मी समजलो. हातातली पेंडी खाली ठेवली, आणि काय करावं ते न कळून पुन्हा उचलली.

तिला आमच्या सापगावात आणलं, नदीवर नेलं. मग माणसं भेटायला यायला लागली आणि भिंतीचा विषय निघाला.

आमच्या घरातल्या मधल्या खोलीची भिंत कुडाची आहे. देवकीने ती हसण्याच्या चित्रांनी भरून टाकली होती. लहानपणी तिचा बाप मुरबाडच्या बाजारातून गूळ-मिरची आणायचा, तेव्हा ही आधी पुडीचा कागद सोडवून त्यात व्यंगचित्र शोधायची. करवंदं देऊन मैत्रिणीकडून चित्रांची पुस्तकं वाचायला आणायची. लग्नानंतरही तेच. मी वडे आणले की वडे मला, कागद तिला. तेलाचा डाग पडलेला असला तरी चित्र कापायची आणि भाताची खळ लावून भिंतीवर चिकटवायची. मला चित्र लवकर कळायचं नाही. "तुमचं डोकं ओल्या लाकडावानी, पेटाया टाइम लागतो," म्हणायची. मी उशिरा हसलो की ती माझ्यावर पुन्हा हसायची.

भेटायला येणाऱ्या बायका त्याच भिंतीसमोर बसायच्या. एकदा एक बाई गळा काढून रडत होती आणि तिची नजर एका चित्रावर गेली. त्यात बायकोने नवऱ्याला कपड्यांबरोबर दोरीवर वाळत घातलंय, आणि तो चिमटे लावलेला तसाच पेपर वाचतोय. बाईने तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलं. मग दुसरीला फुटलं.

माझा चुलतभाऊ दामू ओटीवर बसला होता. त्याला ते लागलं. मयताच्या घरात येऊन लोक हसून जातात, गावात काय तोंड दाखवायचं, असं त्याचं म्हणणं. दहाव्याला आमच्याकडे पुरुष नदीवर जातात आणि मागे बायका घर शेणाने सारवून काढतात. त्यात ही भिंत पण सारवायची, असं त्याने ठरवलं. मी नाय म्हटलं.

"माणूस गेलं रे गणू, आणि तू कागद काय घेऊन बसलास?"

मी पुन्हा नाय म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, नदीवरून आल्यावर बघू.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे उंबरावर बसले होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काही मागे राहिलंय असं धरतात आणि एकेक जण हात जोडून कबुली देतो. संदेश म्हणाला, बाबांना एकटं टाकणार नाही. रघू म्हणाला, थांबलेलं लग्न करून देतो. दामूने कुटुंबाला सांभाळायचं कबूल केलं. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून शिवून टाकू, असं कोणीतरी म्हणायला लागलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पुढे होऊन हात जोडले. "देवके, तुझ्या चित्रांना कोण हात लावनार नाय. भिंत हाय तशी राहील."

एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली.

माणसं मोकळी झाली. दामू झाला नाही. तो जवळ आला आणि हळू बोलला, "गणू, मी भागीला सांगून आलोय. भिंत पन घ्या म्हनून."

भागी त्याची बायको. संदेशने आपल्या बायकोला, रंजिताला फोन लावला. फोन वाजत राहिला. शेणात हात असताना कोण उचलणार. आम्ही तसेच निघालो. मागे वळून बघायचं नसतं. दामू माझ्या मागून धापा टाकत येत होता आणि एकच बोलत होता, की मेलेल्याला दिलेला शब्द मोडला तर त्याचा दोष आता आपल्यावर येणार.

घरात ओल्या शेणाचा वास होता. भागीवहिनी बादली घेऊन भिंतीशी उभी होती. तिचा हात पोचतो तिथपर्यंत भिंत सारवून झाली होती. दोरीवरचा नवरा गेला होता. घरात एकच स्टूल आहे, त्यावर रंजिता बसली होती.

"हिला सांगा कायतरी," भागीवहिनी म्हणाली. "कवाधरनं स्टूल मागते. उठतच नाय."

रंजिता कोणाकडे न बघता म्हणाली, "माझे पाय दुखतात."

दामूने आधी वरच्या चित्रांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "उठू नको गो पोरी. बस तशीच."

खालचं शेण वाळल्यावर मी नखाने काढून बघितलं. शेणाबरोबर कागदही निघून आला, म्हणून सोडून दिलं. अर्धं सारवलेलं घर शुद्ध होत नाही, असं भागीवहिनी सगळ्यांना सांगते. भाऊबंद अजून आमच्याकडे पाणी घेत नाहीत. दामू तेवढा येतो, चहा बाहेर ओटीवर पितो, आत येत नाही.

वरची भिंत सारवायची राहिली आहे.