तुळजाबाईंनी ओळखलेला आवाज

मित्रांनो, मी धायरीतली एक जुनी मशीन आहे. तापलेल्या दोन लोखंडी पाटांमध्ये प्लायवूड दाबायचं, एवढंच मला येत होतं. कारखाना बंद पडल्यावर मुनव्वरभाईंनी मला त्यांच्या वर्कशॉपमध्ये आणलं. तिथे नऊ वर्षं मी नुसती धूळ खात पडले.

मग त्यांची मुलगी आबेदा इंजिनिअर झाली. वेफर्सची चकचकीत पाकिटं भंगारवालाही घेत नाही. ती बारीक करून, वितळवून त्यांच्या फळ्या करायच्या, असं तिनं ठरवलं आणि मला नवे हीटर बसवले. मला फार आनंद झाला. पण तीन महिने माझ्यातून फोड आलेल्या, तडकलेल्या फळ्याच निघाल्या.

लोणी काळभोरच्या एका शाळेला तीस बाकं हवी होती. तिथले सर्जेराव सर फळी उलटसुलट पाहून म्हणाले, "मॅडम, आम्ही बाकं मागितली होती, पापड नव्हे." त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात जमलं नाही तर मला मोडीत काढू, असं मुनव्वरभाई खाली बघत म्हणाले.

पाकिटं आणून द्यायच्या तुळजाबाई. सत्तावीस वर्षं त्या सदाशिव पेठेत कचरा वेचत होत्या. फुटकी फळी पाहून त्यांनी पोत्यातली पाकिटं कानाशी धरून चुरगाळली.

"ताई, ह्यात दोन तऱ्हेचा माल हाय. एक कडक वाजतो, एक मऊ. अन् आतनं ओल हाय. एकत्र कसा नांदंल?"

दोन्ही माल वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि ओलीची वाफ होऊन फोड येतात, हे आबेदाच्या लक्षात आलं. तिनं मला तिथेच बंद केलं. "मावशी, उद्यापासून निवडायला तुम्हीच बसा."

तुळजाबाई रोज आवाजावरून पाकिटं वेगळी करू लागल्या. धुतलेला माल पत्र्यावर कडकडीत वाळू लागला. तेराव्या दिवशी माझे पाट उघडले आणि सपाट, लाल-चंदेरी ठिपक्यांची फळी बाहेर आली. आबेदा कितीतरी वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिली.

सर्जेराव सरांनी फळी विटांवर टेकवून वर सिमेंटची सहा पोती रचली. दिवसभरात ती जराही वाकली नाही. पोती उतरवून सर म्हणाले, "तुळजाबाई, आधी तुम्ही बसा. मान तुमचा आहे." त्या पदर सावरून ऐटीत बसल्या. मुनव्वरभाईंनी माझ्या सांध्यांना तेल घातलं.

आता शाळेत तीसही बाकं आहेत आणि तुळजाबाईंच्या हाताखाली आठ बायका माल निवडतात.

मित्रांनो, पाकीट रिकामं झालं की विसळा, वाळवा आणि वेगळं ठेवा. बाकीचं आम्ही दोघी, तुळजाबाई आणि मी, बघतो.