आमच्या घरात न बोलायचा शब्द

आमच्या घरात 'सोड' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आई मला "केस मोकळे कर" म्हणते, "नाद पुरे" म्हणते, अगदी संतापली तरी "बाईसाहेबांनी फोन खाली ठेवावा" असा वळसा घेते. कारण आई टूलमेकर आहे. मामाच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायचे डाय, म्हणजे धारदार पोलादी साचे, ती घडवते, आणि तिथे 'सोड' म्हणजे एकच: प्रेसचा जबडा खाली आण.

आई तशी हाक देते आणि भोंगाकाका पायाने पेडल दाबतात. आयुष्यभर प्रेस चालवून त्यांचे कान कामातून गेलेत, म्हणून स्वतः भोंग्यासारखे बोलतात. "काका, चहा घेता?" हे घसा ताणून विचारावं लागतं. पण 'सोड' मात्र त्यांना पाठमोरं असतानाही ऐकू येतं.

"ते मी कानाने ऐकतच नाही गं," ते म्हणतात, "पायानेच ऐकतो!"

मी यावर पोट धरून हसायचे. परवापर्यंत.

परवा शाळेतून थेट वर्कशॉपमध्ये गेले, कारण वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला होता आणि ही बातमी घरापर्यंत दाबून ठेवणं मला शक्यच नव्हतं. आत शिरले आणि काहीतरी खटकलं. प्रेसच्या तोंडापुढची जाळी नव्हती. उघडझाप करण्यात वेळ जातो म्हणून मामाने ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. ज्याच्या जोरावर प्रेस खाली येते, ते वरचं मोठं चाकही फिरतच होतं. एरवी ते पूर्ण थांबल्याशिवाय आई हात आत घालत नाही. आज मामाच्या घाईपायी तिचा हात मनगटापर्यंत आत होता. दगडाने ती डायची धार घासत होती. वर लोखंडी जबडा तेलाने चमकत लटकला होता. काकांचा पाय सवयीने पेडलवर टेकलेला.

"आई, पहिला नंबर! माइकशिवाय बोलले मी!"

"शाब्बास. पण इथे हळू बोल," ती मान न वळवता म्हणाली.

"हळू? अगं, आवाजावरच तर जिंकले!"

"म्हणूनच सांगतेय."

तेवढ्यात मामा आला. हल्ली तो केबिनमध्येच असतो, त्यामुळे त्याच्या जिभेला प्रेसचा धाक उरलेला नाही.

"ताई, अजून घासतेच आहेस? डाय आहे तो, नवरदेव नाही!"

"पत्र्याची कड फाटतेय. आणि छोट्या, जाळी कधी लावतोस? हात घालताना दर वेळी वर बघावं लागतं मला."

"झालं, आली जाळीवर! अगं, चाललंय ना सगळं नीट? मग तो जाळीचा हट्ट आता..."

हट्ट! हट्ट एकतर धरतात, नाहीतर... मामाचं क्रियापद अजून यायचं होतं, पण मला ते त्याच्या ओठांवर दिसलं.

"आई, हात!" मी बक्षिसाच्या आवाजात किंचाळले.

"...सोड," मामा म्हणाला.

धाड्!

जबडा वर गेला. डायमध्ये दगडाचा नुसता करडा भुगा पडला होता. आईने हात छातीशी धरला होता आणि अंगठ्याने एकेक बोट चाचपत होती, जणू कुणी परत दिलेली वस्तू तपासून घेतेय. मग तिने मला जवळ ओढलं. तिचा तळवा गार होता.

"ताई, तुम्हीच म्हणालात ना?" भोंगाकाका पहिल्यांदाच हळू बोलत होते. "तुम्हीच ना?"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तो हसला. "लागलं नाही ना कुणाला? मग झालं तर. आता तो विषय सोड."

धाड्!

या वेळी आत काहीच नव्हतं. काका स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे. मग दोन्ही हातांनी गुडघा धरून त्यांनी तो पेडलवरून उचलला.

आईने स्विच बंद केला. "आधी जाळी लाव. तोवर माझा हात आत जाणार नाही."

स्विच बंद झाला तरी ते मोठं चाक लगेच थांबत नाही, आपल्याच जोरावर फिरत राहतं. मामाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आम्ही तिघंही एक पाऊल मागे सरकलो.