मल्हाररावांचे गुडघे

मल्हाररावांच्या गुडघ्यांना सत्तर वर्षांत काही झालं नव्हतं. जे झालं ते एका फोटोमुळं.

दौलताबादच्या किल्ल्याखाली मेंढरं चारता चारता ते दगडावर टेकले होते आणि गुडघ्यावर हात ठेवून उठत होते. नेमका तेव्हाच शहरातल्या मिहिर नावाच्या बँकवाल्या पोरानं फोटो काढला. मागं किल्ला, पुढं मेंढरं, मधे मल्हारराव. महिन्याभरात ते दौलताबादच्या फाट्यावर भल्यामोठ्या फलकावर झळकले. किल्ला गायब, मेंढरांच्या जागी तेलाची बाटली, आणि खाली लिहिलेलं: 'गुडघ्यांनी दगा दिला?'

दिवाळीनंतर सगळे कळप पैठणकडं उतरतात. पुढं एक कारभारी चालतो. वाट, पाणी, मुक्काम तोच ठरवतो. बावीस वर्षं हा मान मल्हाररावांचा होता. यंदाच्या बैठकीत दुसऱ्या एका कळपाच्या सांडूनं फलकाचा विषय काढला. मल्हाररावांनी भर बैठकीत उठाबशा काढून दाखवल्या, पण छापलेल्यापुढं डोळ्यांनी पाहिलेलं कोण मानतो? लोक म्हणाले, राहू द्या दादा, आता आराम करा. मान सांडूकडं गेला. मल्हाररावांच्या ते जिव्हारी लागलं. दोन दिवस त्यांना भाकर गोड लागली नाही.

तिसऱ्या दिवशी मिहिर आला, तोही तणतणत. तेलवाल्यानं न विचारता फोटो लावला, खाली नावही नाही. फोटो जो काढतो, कायद्यानं हक्क त्याचाच, असं त्यानं तीनदा ऐकवलं. नोटिशीसाठी त्याला मल्हाररावांची साक्ष हवी होती.

"फोटू तुजा," मल्हारराव म्हणाले, "मंग तोंड कुणाचं?"

मिहिर वरमला. जाहिरातीत माणसाचा चेहरा वापरायचा तर त्या माणसाची परवानगी लागते, हे त्यानं कबूल केलं. मग मोबाइलमध्ये काहीतरी वाचून त्याचा चेहरा आणखी उतरला. हा फोटो त्यानं तेलवाल्याच्याच स्पर्धेला पाठवला होता. अटी न वाचताच होकार दिला होता आणि आपला हक्क आपल्याच हातानं देऊन बसला होता. आता आधार होता तो मल्हाररावांच्या तोंडाचा.

"काढताना तरी मला इचारलं व्हतं का?"

"नाही, काका."

"मंग चल."

मिहिरनं मोटारसायकल पुढं केली. मल्हाररावांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. चाळीस मेंढरं हाकत ते चार-पाच कोसांवर शहरात, शहागंजातल्या तेलाच्या दुकानाकडं पायी निघाले. शहराच्या अलीकडची छावणी येईतो मिहिर लंगडायला लागला. मेंढरांनी रस्ता अडवला, पण रिक्षावाले चिडायचे सोडून बघतच राहिले.

"अरे, ये तो तेलवाले चाचा हैं! क्या चल रहे देखो!"

दुकानापाशी पोचेपर्यंत तेलाला रांग लागली होती. मालक हार घेऊनच बाहेर आला. मल्हाररावांनी हार मेंढराच्या गळ्यात घातला आणि फलकावरचं आपलं तोंड उतरवून द्यायला सांगितलं. मिहिरनं धापा टाकत कायदा समजावला. मालक नरमला, आणि संध्याकाळच्या आत फलक उतरला.

या पायपिटीची बातमी गावात त्यांच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक बसली आणि सांडूनं स्वतः कारभाऱ्याची काठी मल्हाररावांच्या हातात दिली. मल्हाररावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात सांडू कानाशी वाकला, पण बोलला सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"दादा, तेल सांजसकाळ लावायचं, का निस्तं झोपताना?"

हे तेल आपण कधी हुंगलंसुद्धा नाही, असं सांगायला मल्हाररावांनी तोंड उघडलं. सगळी बैठक उत्तराची वाट बघत होती. त्यांनी काठी घट्ट धरली.

"दोन टाइम," ते म्हणाले.