सामाईक भिंत

कागदावरचं घर थंडीने गारठायला हवं होतं. खरं घर मात्र मजेत होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, हे मापाडीला कळेना.

मापाडी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती पेल्यातलं दूधसुद्धा पट्टी लावून मोजायची, म्हणून आईने ठेवलेलं. आता तिच्या हातात पदार्थविज्ञानाची पदवी होती. जुनं घर कमी विजेत उबदार कसं ठेवायचं, त्यासाठी कुठे काय बदलायचं, याचा आराखडा बाबांनी तिच्यावरच सोपवला होता. तिने खिडक्या मोजल्या, छताची जाडी पाहिली, दारांच्या फटींशी मेणबत्ती धरून ज्योत कुठे वाकते ते टिपून ठेवलं. गणिताचं उत्तर आलं : या हिवाळ्यात आतापर्यंत सहा हजार युनिट. मीटर मात्र साडेतीन हजारच दाखवत होता.

"मी दिवसभर दिवे बंद करत फिरतो ना, त्याचा गुण," बाबा म्हणाले.

"बाबा, दिव्यांनी एवढा फरक पडत नाही."

"मग तुझंच गणित चुकलं असेल," कपड्यांच्या घड्या घालत आई म्हणाली. "घर कसं चुकेल?"

मापाडीने गणित पुन्हा केलं. बाकी सगळं बंद करून एक किलोवॉटचा हीटर तासभर लावला आणि मीटर एक युनिट पुढे सरकतो का, तेही पाहिलं. सरकला. म्हणजे मीटरही शहाणाच होता.

शनिवारी इन्सुलेशनवाला येणार होता. भिंतींना आणि छताला ऊब धरून ठेवणारे जाड तक्ते बसवणारा हा माणूस फोनवर बजावून मोकळा झाला होता, "यादी पक्की ठेवा. या हिवाळ्यात परत यायला मला सवड नाही." यादीत बाबांची एकच अट होती : काकाकडची भिंत आधी. पूर्वी दोन्ही घरं एकच होती. भावांच्या वाटण्या झाल्या, मधे भिंत उभी राहिली, आणि गेली अकरा वर्षं बाबा धाकट्या भावाशी एक शब्द बोलले नव्हते.

"त्याचा खोकलासुद्धा इकडे ऐकू येता कामा नये," बाबा म्हणाले.

मापाडीला ही भिंत म्हणजे फुकटचा खर्च वाटत होता. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं : सामाईक भिंतीच्या दोन्ही बाजूंना घरं सारखीच उबदार असतात, तेव्हा तिथून ऊब येत नाही की जात नाही, शून्य धरा. तिने शून्य धरलं होतं. बाबांना ते शून्य दाखवून छताकडे वळवावं, म्हणून तिने दुरून तापमान मोजणारं यंत्र आणलं आणि सगळ्यांसमोर एकेका जागी रोखलं. खिडकी नऊ अंश. छत पंधरा. खोलीतली हवा अठरा. काकाकडची भिंत तेवीस.

तिने बॅटरी बदलली. पुन्हा तेवीस.

"भिंत खोलीपेक्षा गरम कशी?" ती पुटपुटली.

आईने तळवा टेकवून पाहिला. "अगं बाई! तिकडे आगबिग लागलीय की काय?"

बाबा बाहेर निघून गेले. मापाडी काकांच्या दाराशी गेली.

काकूने दार उघडलं आणि क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. आत पाऊल टाकताच मापाडीला घाम फुटला. दोन हीटर धगधगत होते. सामाईक भिंतीला लागून असलेल्या पलंगावर काका टोपी, स्वेटर आणि दोन पांघरुणं घेऊन बसले होते. अंगावर मांस उरलं नव्हतं.

"ये मापाडी. मला मोजायला आलीस? लवकर मोज, रोज कमीच होतोय."

"गप्प बसा," काकू त्यांना दटावून म्हणाली, आणि मापाडीकडे वळली. "आजारपण झाल्यापासून अंगात ऊब टिकत नाही बघ. डॉक्टरांनी सांगितलंय, खोली गार पडू द्यायची नाही. पण ही मेली भिंत सगळी ऊब गिळते. पहाटे तर दात वाजतात यांचे. तिसरा हीटर लावला की फ्यूज उडतो."

"पलंग दुसरीकडे?"

"मग संडासापर्यंत चालवत नाही त्यांना."

मापाडीच्या गणितातल्या हरवलेल्या अडीच हजार युनिटांचा पत्ता लागला होता. तरी तिला बरं वाटेना.

"बापाला सांगू नकोस," काका म्हणाले. "त्याला वाटेल, दया मागतोय."

तिने मान डोलावली. घरी आली आणि सगळं सांगून टाकलं. आकड्याचं कारण माहीत असताना नुसता आकडा लिहिणं तिला जमत नसे.

बाबा उठून भिंतीपाशी गेले. मग म्हणाले, "त्या भिंतीला हात लावू नका. राहू दे तशीच."

"बाबा, तशी ठेवली तर त्यांची ऊब अशीच इकडे येत राहणार."

"येऊ दे की! आता ती बंद करू? एवढा का मी वाईट?"

"बंद केली तर ती त्यांच्याकडे राहील."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने खांदे उडवले. "माझ्याकडे काय बघता? कालपर्यंत तुम्हाला भिंत हवी होती रागाने. आज नको आहे मायेने. आणि ही म्हणते, माया असेल तर करा. मला तर काही समजेनासं झालंय."

मापाडीने कागदावर दोन खोल्या आणि मधली भिंत काढली, बाण काढले. बाबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, पुन्हा उलटा धरला.

"बोलायचं नसलं की भिंत जाड करतात," ते म्हणाले. "हे कसलं तुझं शास्त्र!"

शनिवारी इन्सुलेशनवाला यादी बघून डोकं खाजवू लागला. "ताई, छत ठीक. पण ही भिंत तर गरम लागतेय. ती झाकली तर तुमची वीज वाढेल, कमी नाही होणार. बारा वर्षं हे काम करतोय, असं कुणी करत नाही."

"जाडी किती येते?" बाबांनी मधेच विचारलं.

"पाच सेंटीमीटर पुरे."

"त्याने पलीकडे किती फरक पडेल?"

"दोन अंश," मापाडी म्हणाली. "अंदाजे."

"दोनच? आणि दहा लावले तर?"

"अजून थोडा. पण दुप्पट नाही, बाबा. शिवाय आपली खोली तेवढी लहान होईल."

"पंधरा?"

"अहो, मग माझं कपाट कुठे जाणार?" आई म्हणाली.

पंधराने फारसं काही साधणार नाही, हे मापाडीने पुन्हा सांगितलं. बाबांनी ते ऐकलं की नाही, आणि ऐकून त्यांना काय वाटलं, हे तिला सांगता आलं नसतं. ते भिंतीलगतच्या कपाटाचं एक टोक धरून वाकले होते.

"बघतेस काय? उचल तिकडून," ते म्हणाले.